चाळीस हात

गाव उभादांडा. मी बसलेला.
यावर पहिलं हसायचं ते मीच,
म्हणजे बघायला आलेल्यांना सोपं जातं.

वराडकरांच्या आगरातला माड चाळीस हातांचा.
आमच्यात माड हातांनीच मोजतात.
शेंड्याजवळ एका सुकल्या झावळीच्या देठावर भरवसा टाकला.
माझ्याआधी कोयती खाली पोचली
आणि वाळूत सरळ उभी रुतली,
एवढंच आठवतं.

मानेतला सहावा मणका.
त्याच्या वरचं माझं, खालचं सरकारी,
असं मी मृण्मयीबाईंना म्हटलं. त्या हसल्या नाहीत.
मनगट उचला, म्हणाल्या.
उचललं, तर बोटं आपली आपण मिटली,
कुर्ली नांगी आवळते तशी.
"ही तुमची पकड. एवढ्यावर भागवायचं."

कोपर सरळ करणारा स्नायू मात्र गेलाय.
उताणा असताना हात वर नेला
की तो माझ्याच तोंडावर येऊन पडतो.
शेवंतीला वाटतं, मी कपाळाला हात लावला.

मंगळवार आणि शुक्रवार, कुडाळ.
दंडाखाली झोळी, झोळीला दोऱ्या,
डोळ्यांवर तो जाड चष्मा;
आत आधीच्या माणसाच्या घामाचा वास, थोडा बामचा.
मग भिंत जाते, पंखा जातो, माझ्या मांड्या जातात
आणि समोर येतं सफरचंदाचं झाड.
मी जन्मात पाहिलं नव्हतं. इतकं बुटकं!
पाडेली कशाला लागतोय, बसल्या बसल्या काढावं.
माझ्या खांद्यातून निघालेला कुणाचा तरी हात,
गोरा, बिननखांचा, एकही घट्टा नसलेला.
मी हलवला की हलतो.
त्याने फळ धरलं ते मला कळत नाही,
टिंग वाजतं तेव्हा कळतं.
पहिल्या दिवशी तीन. शिमग्यापर्यंत एकतीस.
ही जातात कुठे, मी विचारलं.
"कुठेच नाय काका," मुबीन म्हणाला, "मेमरीत."
पूर्वी माडामागे पैसे मिळायचे आणि वर एक नारळ.

सावंतवाडीचा पोर हा मुबीन, मशीन सांभाळतो.
चार रात्री जागून त्याने माझ्यासाठी
चष्म्याच्या आत माड लावला.
झावळ्या सगळ्या एकदम हलत होत्या.
खरी झावळी शेजारणीकडे बघून हलत नाही;
पण पोराला काय सांगू.
मी बुंध्याशी उभा होतो.
उभा.
"चढा काका. पाय नाय लागत, नुसते हात."

पाठीला घाम येत नाही आता,
कपाळाला आला तेवढाच.
मृण्मयीबाई चष्मा काढायला पुढे झाल्या असाव्यात,
बांगडी वाजली कानाशी.
मी म्हटलं, थांबा. मुबीन, माका वर ठेय. शेंड्यार.
"आणि मग?"
चढान झाला रे. उतरूचा रवला.

तो बराच वेळ बटणं दाबत राहिला.
मग एकदम वर.
समुद्र करायचा तो विसरला होता,
आगराच्या पलीकडे नुसतं पांढरं.
मी काही बोललो नाही.
मनगट वर, बोटं मिटली, धरलं.
मनगट खाली, बोटं उघडली, सोडलं.
दोऱ्या कुरकुरल्या. डावा. मग उजवा.
उजव्याला वेळ लागतो.
कोण घाई करत नव्हतं.

सहा हात उतरलो आणि वीज गेली.
काळोखात चष्म्याचं वजन तेवढं उरलं,
आणि मी कुठेतरी चौतीसावर.

परतताना रिक्षात सुटे मोजायला
शेवंतीने केसपेपर माझ्या बोटांत दिला
आणि विसरली.
मी मनगट वर धरून बसलो.
मठचा उतार संपेपर्यंत
कागद पडला नाही.